आजोबांचे ताट, आपली जनुके आणि खान्देशातील ज्वारी

अमळनेर तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे आजोबा दादर ज्वारीची भाकरी, उडदाचे वरण आणि ठेचा खाऊन शेवटपर्यंत शेतात राबले. मी अंगाने सडपातळ आहे, व्यसन कोणतेही नाही, तरी चाळिशीत रक्तातील साखर वाढलेली निघाली. एक परिचित सांगतात की धान्य हे माणसाचे अन्नच नव्हे, शिकारी माणसासारखे खा. दुसरे सांगतात की गहू सोडा आणि ज्वारीवर परत या. उत्क्रांतीच्या दृष्टीने माझ्यासारख्या खान्देशी माणसाचा खरा आहार कोणता? घरात बारा वर्षांची मुलगी आहे, तिच्या ताटात काय असावे?"

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे सतत येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माणसाच्या शरीराला शोभणारा असा एकच मूळ आहार कधी नव्हताच. आपले शरीर बदलत्या आहारावर निभावण्यासाठी घडले आहे, आणि प्रत्येक नव्या अन्नातील उणीव भरून काढण्याचे काम जनुकांपेक्षा स्वयंपाकघराने पुष्कळ लवकर केले आहे. आपल्या आजोबांच्या ताटाचे बळ एकट्या ज्वारीत नव्हते. ज्वारीला जोडून येणारी डाळ, पाला, शेंगदाणा, ताक आणि दिवसभराचे कष्ट या सगळ्या जोडणीत ते होते. ती जोडणी सुटली आणि आठवणीत ज्वारी तेवढी उरली.

पहिल्या परिचितांचे म्हणणे आधी तपासू. दक्षिण आफ्रिकेतील वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या विस्तवाच्या खुणा सापडल्या आहेत. अन्न भाजले किंवा शिजवले की त्यातील पिष्ट मऊ होते, चावण्याचे आणि पचवण्याचे श्रम वाचतात आणि त्याच अन्नातून अधिक ऊर्जा हाती लागते. आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असला तरी विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतील सुमारे वीस टक्के ऊर्जा तोच वापरतो, आणि एवढा खर्चिक अवयव लहान आतड्यांच्या जोडीने सांभाळणे शिजवलेल्या अन्नाशिवाय अवघड होते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. लाळेत पिष्ट पचवणारे अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. चिंपांझीत त्याच्या जनुकाच्या साधारणपणे दोनच प्रती असतात, तर माणसांत त्या बऱ्याच जास्त असू शकतात, आणि पिष्टमय अन्न खाणाऱ्या समाजांत सरासरीने अधिक आढळतात, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ही प्रतींची वाढ शेतीच्याही फार आधी सुरू झाली असावी, असे अलीकडचे संशोधन सांगते. निअँडरथल माणसांच्या दातांवरील किटणातही शिजलेल्या पिष्टाचे कण मिळाले आहेत. तेव्हा धान्य आणि कंद माणसाला परके आहेत, हे विधान पुराव्याला धरून नाही.

दुसऱ्या परिचितांचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ आहे, परंतु त्यांचा 'परंपरा' हा शब्द वाटतो तितका प्राचीन नाही. ज्वारीची लागवड प्रथम आफ्रिकेत, आजच्या पूर्व सुदानच्या परिसरात, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी झाली आणि तेथून ती आपल्याकडे आली. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे ताम्रपाषाणयुगात वस्ती होती, पण त्या काळातला दख्खनचा शेतकरी प्रामुख्याने ज्वारी खात नव्हता. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात मुख्य धान्य म्हणून जव मिळाला आहे. खान्देशी जेवणाची ओळख झालेली मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांचा व्यापार सुरू झाल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, ती आपल्याकडे रुजली. उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही दक्षिण अमेरिकेतलाच. उडीद, तूर आणि वांगी मात्र याच उपखंडातली. बाहेरचे धान्य घरच्या डाळीशी जोडले गेले आणि त्यातून हे ताट तयार झाले, याचा मला फार आदर वाटतो, कारण ती जोडणी ज्यांनी बसवली त्या बायांच्या हाती अन्नशास्त्राचे कोणतेही पुस्तक नव्हते.

ही जोडणी नेमकी अशीच का बसली, याचे उत्तर खान्देशच्या जमिनीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापी-गिरणेची काळी, चिकट, ओल धरून ठेवणारी जमीन. पाऊस बेताचा आणि तोही बेभरवशाचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. अशा ठिकाणी पावसाळ्यानंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर येणारी दादर ज्वारी हे बुद्धीने निवडलेले पीक होते. तिचे दाणे माणसाला आणि कडबा गुरांना. गुरे होती म्हणून ताक होते, आणि ताकाचे महत्त्व केवळ उन्हाळ्यातील गारव्यापुरते नाही. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर बहुतेक माणसांत बालपणानंतर कमी होते. ते प्रौढपणीही टिकवणारा जनुकीय बदल भारतात वायव्येकडे अधिक आढळतो आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे जाताना विरळ होत जातो. ज्यांच्या अंगी हा बदल नाही त्यांना पेलाभर दूध सोसत नाही, पण विरजणातील जिवाणूंनी त्या साखरेचा काही भाग आधीच वापरलेला असल्याने दही-ताक सहसा सोसते. जनुकाला जे साधायला हजारो वर्षे लागली ते विरजणाच्या भांड्याने एका रात्रीत साधले.

कळण्याची भाकरी हे याचे सर्वांत उत्तम उदाहरण आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. चार भाग ज्वारी आणि एक भाग सालासकट उडीद निवडून, थोडे मीठ घालून एकत्र दळून आणायचे. प्रमाण घरागणिक थोडे बदलते. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी थापताना कडा फाटत नाहीत, तव्यावरून उतरलेली भाकरी थोडी करडी दिसते आणि तिला खमंग वास येतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असते, शंभर ग्रॅम प्रथिनांमागे साधारण दोन-अडीच ग्रॅम. उडदाच्या प्रथिनांत ते सहा ग्रॅमच्या आसपास असते. आता हिशेब करून पाहा: नुसत्या ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात दहा ग्रॅम प्रथिने येतात, तर कळण्याच्या तेवढ्याच पिठात बारा ग्रॅमच्या पुढे, आणि लायसिन जवळजवळ दुप्पट होते. शिवाय हे प्रथिन एका घासातच मिळते. डाळ वेगळी शिजवण्याइतके सरपण किंवा वेळ नसलेल्या मजूर बाईलाही ते मिळत असे. काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, त्यात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी: या जेवणात उणे काढावे असे फार थोडे आहे.

ही जोडणी नसली तर काय होते, हेही आपल्या देशात दिसलेले आहे. पेलाग्रा हा नियासिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळसर चट्टे येतात, जुलाब होतात, पुढे बुद्धीवर परिणाम होतो. जगभर तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा आजार म्हणून ओळखला जात होता. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली दाखवले की दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही होतो. ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाचे आधिक्य हे त्याचे कारण, या त्यांच्या मतावर पुढे वाद झाला. पण ताटात जवळजवळ एकटी ज्वारीच असणाऱ्यांना हा आजार होत होता, यात वाद नाही. मक्याचीही गोष्ट तशीच. मध्य अमेरिकेतील लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे त्यातील बांधलेले नियासिन मोकळे होई. युरोपने मका नेला, चुन्याची रीत नेली नाही, आणि इटली-स्पेनच्या शेतमजुरांत पेलाग्रा पसरला. म्हणूनच "ज्वारी खा" एवढाच सल्ला मला अपुरा वाटतो. भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने, दहा ग्रॅम तंतू आणि चार मिलिग्रॅम लोह दिले आहे. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचे आकडे जवळपास तेवढेच आहेत. ज्वारी उत्तम धान्य आहे, औषध नाही.

उन्हाळ्याचेही तसेच. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कोरडवाहू गावात ताजी भाजी दुर्मिळ असे, पण ऊन कडक आणि हवा कोरडी. या दोन्हींतून वाळवण आले. बिबड्यांसाठी ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून आंबवतात, मग कांडून किंवा दळून, तीळ, लसूण, मिरची घालून शिजवतात आणि ओल्या कापडावर पसरवून वाळवतात. आंबवण्यामुळे धान्यातील फायटेट कमी होते आणि लोह-जस्त अंगी लागण्यातील अडथळा थोडा दूर होतो. पाटवड्यांचा रस्सा, डुबुकवडे, शेवभाजी हे पदार्थसुद्धा मला भाजी नसलेल्या महिन्यांत डाळीलाच भाजी करण्याची युक्ती वाटतात. आज बाराही महिने बाजारात पालेभाजी मिळत असताना आपण तीच शेवभाजी चार पट तेलात आणि धाब्यावर आठवड्यातून दोनदा खातो. पदार्थ जुनाच आहे, पण ज्या टंचाईसाठी तो होता ती टंचाई उरलेली नाही. (गरम हवेत अन्न टिकावे, जंतू मरावेत म्हणून उष्ण प्रदेशांत तिखट खातात, असे एक स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे. अनेक देशांच्या पाककृतींची आकडेवारी नव्याने तपासल्यावर त्याला पुरेसा आधार मिळाला नाही. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी, हे साधे कारण मला अधिक पटते.)

सातपुड्यात गेले की ताट बदलते. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल आणि पावरा कुटुंबांच्या उतारावरच्या शेतात मका, ज्वारी, उडीद, तूर, चवळी आणि भगरीच्या जातीची बारीक धान्ये एकमेकांत पेरलेली दिसतात. एक पीक गेले तर दुसरे हाती लागते आणि धान्य-डाळीची जोडणी शेतातच होऊन जाते. वाळवलेली मोहाची फुले, रानभाज्या, ओढ्यातले मासे-खेकडे आणि घरच्या कैरीचा आमचूर यांनी उणे महिने निघत. जंगल आटले आणि स्थलांतर वाढले तसे यातले बरेच हरवले, आणि त्याची किंमत तेथील बालकांच्या कुपोषणात मोजावी लागते आहे.

याच भागात उत्क्रांतीचा आणखी एक ठसा आहे, आणि तो आहाराचा समजून उपचार केला तर नुकसान होते. मलेरियाग्रस्त प्रदेशांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे एकच जनुक असलेल्या बालकाला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, म्हणून ते जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले. दोन्ही पालकांकडून आले तर मात्र आजार होतो. नंदुरबारच्या आदिवासी समाजांत हे जनुक लक्षणीय प्रमाणात आहे. त्यामुळे रक्त कमी दिसले की लगेच "खात नाही, लोहाची गोळी द्या" असे ठरवू नये. सिकलसेलची तपासणी आधी व्हावी. अशा रुग्णाला लोहाची खरोखर गरज आहे का, हे डॉक्टरांनी पाहिल्यावरच ते द्यावे.

आता आपल्या साखरेकडे येतो. आपल्या गावात आजोबांच्या वेळेपासून काय बदलले, हे एका ओळीत सांगता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी अजून म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात आहे; पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्थिरावले आणि एकेकाळी सणाची, पाहुण्यांची असलेली पोळी रोजची झाली. कपाशीला रोख पैसा मिळतो, ज्वारीला राखण लागते, पाखरे खातात आणि भावही नाही; २००२ नंतर बीटी कपाशी आली तसे खरिपाच्या ज्वारीचे आणि उडदाचे क्षेत्र आणखी आक्रसले. शेतात उडीद नाही म्हणून कळणा नाही, कडबा नाही म्हणून गाय-म्हैस नाही, म्हणून घरचे ताक नाही. मोटारसायकल आली, मोट गेली, निंदणी तणनाशकावर गेली. आजोबांच्या चार भाकऱ्या नांगरामागे खर्च होत होत्या. तेवढ्याच चार भाकऱ्या, भले दादरच्या का असेनात, खुर्चीत बसून शिकवणाऱ्या माणसाची साखर वाढवतील.

पण सडपातळ माणसाला मधुमेह का, हा आपला खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पुण्यात मिळाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास चालवला आहे. त्यांना दिसले की ही बालके जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बालके सुमारे ३.५ किलोची, आपल्या बालकांत स्नायू आणि अवयवांची वाढ बरीच कमी होती, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अपुऱ्या पोषणात वाढणारे भ्रूण मेंदूला आधी पुरवते आणि स्नायूंत कपात करते. रक्तातली साखर मुख्यतः स्नायूच वापरतात. ते कमी आणि पोटातील चरबी जास्त असली की वजन बेताचे असूनही साखर वाढते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी वजन-उंचीचा निर्देशांक (बीएमआय) पंचविसापर्यंत न थांबता तेवीसपासूनच सावध होण्यास सुचवले, आणि भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर नव्वद सेंटिमीटरच्या, स्त्रीचा ऐंशीच्या आत असावा असे मानतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली आहे. "काटकसरी जनुक" हे १९६२ साली मांडले गेलेले स्पष्टीकरण अजून लोक सांगतात. त्यासाठी ठोस जनुकीय पुरावा मिळालेला नाही, आणि आईच्या पोटातील पोषण हे कारण मला अधिक बळकट वाटते. त्याचा एक अर्थ फार महत्त्वाचा आहे: आपल्या साखरेची मुळे काही अंशी आपल्या आईच्या आणि आजीच्या ताटात आहेत.

आणि ते ताट रिकामे ठेवण्याचे काम संस्कृतीनेच केले. आतापर्यंत मी स्वयंपाकघराची थोरवी सांगितली, पण त्याच घरात बाया सगळ्यांच्या शेवटी जेवतात, उरलेले कोरड्यास खातात, आणि "बाळ मोठे झाले तर सुटका अवघड" म्हणून गरोदरपणात त्यांचे जेवण कमी केले जाते. हे मी शिकलेल्या घरांतही पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप आला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शाकाहारी घरांत ब-१२ ची उणीव हा दुसरा मोठा विषय आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतेच, आणि दूध-दही बेताचे असेल तर ते भरून निघत नाही. याज्ञिकांच्या अभ्यासात गरोदरपणी ब-१२ कमी आणि फोलेट (ब गटातील दुसरे एक जीवनसत्त्व) जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली.

आपल्यासाठी माझा सल्ला असा. दळणात कळणा सुरू करा, पण एका वेळी दोन मध्यम भाकऱ्यांवर थांबा आणि ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरा. अंबाडी, मेथी, शेवग्याचा पाला, गवार, वांगी, जे हंगामात असेल ते. घट्ट वरण किंवा उसळ वाटीभर, मूठभर शेंगदाणे, जेवणात ताक. अंडी-मासे चालत असतील तर खा. चालत नसतील तर ब-१२ ची तपासणी करून घ्या. शेव, बट्टी, भजी पाहुण्यांच्या आणि सणाच्या दिवशी असू द्या. स्नायू राखण्यासाठी चालण्याबरोबर ओझे उचलण्याचे कामही हवे. शाळेनंतर शेतात तासभर घाम गाळता आला तर त्यासारखे दुसरे नाही. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.

मुलीच्या बाबतीत मी जास्त आग्रही आहे. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २८ मिलिग्रॅम लोह लागते आणि पुढच्या काही वर्षांत ही गरज वाढत जाते. नुसत्या भाकरी-भाजीतून ते सहज भरत नाही. तिला कळण्याची भाकरी, पालेभाजीवर लिंबू किंवा डाळीत आमचूर, मोड आलेली मटकी, रोज दूध किंवा दही, घरात चालत असल्यास अंडे द्या, आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा देऊ नका, कारण चहा लोह शोषू देत नाही. हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा. शाळेतून मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी ती खरोखर घेते का, ते विचारा. उपवास तिच्यावर लादू नका. तिने हट्टाने धरलाच तर साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही द्या. आणि जेवायला तिला आणि तिच्या आईला आपल्याबरोबर, त्याच पंगतीत बसवा.